परिशिष्ट दोन

३० डिसेंबर, सोमवार. नांदेड

आज वेळ अमावस्या. लातूरला बाजार बंद असेल, रस्ते ओस, सगळे शेतात जेवायला. इथे कॉलेज चालू होतं.

दोन वर्षांपूर्वी याच दिवशी शिरूर अनंतपाळजवळच्या एका शेतात जेवले होते. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. फोटो फोनमध्ये असावा. शोधला नाही.

दुपारी संचालक गुरुलिंग सरांनी बैठक घेतली. संध्याकाळच्या एमबीए तुकडीला आता परदेशी कंपन्यांच्या केस शिकवायच्या नाहीत. "आपली पोरं दिवसभर दुकानात, गोदामात असतात. त्यांना अमेरिकेतल्या विमान कंपनीचं काय? तुम्ही जिथे नोकरी केली तिथली एखादी खरी अडचण लिहा. वर्गात ठेवा. भांडू द्या त्यांना." मुदत दहा जानेवारी. माझा परिवीक्षाकाळ मार्चअखेर संपतो आणि ही केस त्यात धरतील.

मी एकाच ठिकाणी नोकरी केली. लातूरची डाळ मिल, गुणवत्ता अधिकारी, दोन वर्षं अकरा महिने. म्हणजे विषय ठरलेलाच आहे.

डबा आला. दोन पोळ्या उरल्या.

३ जानेवारी, शुक्रवार

पहिला मसुदा झाला. घटनाक्रम असा.

आलेली तूर साठवायची की आधी वाळवायची हे ओलाव्यावर ठरतं. बारा टक्क्यांपर्यंत पोती थप्पीला लागतात. त्यापुढे असेल तर आधी ऊन. मी येईपर्यंत हा निर्णय दाताने होत असे. पर्यवेक्षक पोत्यातला दाणा दाढेखाली धरून दाबायचा आणि आवाजावरून आकडा सांगायचा. दाणा कट्ट वाजला तर कोरडा, दबला तर ओला. एकतीस वर्षं हेच चाललं होतं. मी डिजिटल मीटर आणला आणि प्रत्येक मापासाठी नोंदवही आखली.

गेल्या वर्षी १९ जानेवारीला चारशे पोती तूर आली. मीटरवर ११.४. पर्यवेक्षकाने हरकत घेतली. मीटर मानून माल थप्पीला लावला. पंचवीस दिवसांनी थप्पी आतून तापलेली निघाली. बुरशी, वास. मध्ये एकदा अवकाळी पाऊस झाला होता आणि थप्पीवर ताडपत्री बांधायचं काम पर्यवेक्षकाकडे होतं. माल घेताना कोरडा असल्याची लेखी नोंद होती, त्याअर्थी ओलावा नंतर शिरला. मी तसा अहवाल दिला. मालकांनी पर्यवेक्षकाला घरी बसवलं.

चर्चेचा प्रश्न: अनुभवी कर्मचाऱ्याचा नव्या तंत्राला असलेला विरोध व्यवस्थापनाने कसा हाताळावा?

नावं काढून टाकली. भुजंगमामा म्हणजे 'श्री. क'. मी म्हणजे 'गुणवत्ता अधिकारी'. परिशिष्ट एकमध्ये मिलचा आराखडा. परिशिष्ट दोनमध्ये १५ ते २५ जानेवारीच्या नोंदवहीची पानं, जशीच्या तशी. फोटो जपून ठेवले होते. काही गाळलेलं नाही, शेऱ्यांचा रकानासुद्धा तसाच.

४ जानेवारी, शनिवार

'पर्यवेक्षकाने हरकत घेतली' हे वाक्य तीनदा बदललं आणि शेवटी तेच ठेवलं.

त्यांचे नेमके शब्द होते, "ओली हाय, मॅडमबाई. चौदाच्या घरात हाय. दोन दिस ऊन दाखवा."

मी मीटर पुढे केला. त्यांनी चष्मा लावून आकडा वाचला आणि गालावरून हात फिरवला. त्याच महिन्यात त्यांची एक दाढ काढली होती. हमाल चिडवायचे, "मामाचं एक मशीन बंद पडलं." ते म्हणाले, "दाढंचा काय भरवसा आता. मशीन म्हनतंय तर आसंल."

हे केसमध्ये घेतलं नाही. मूळ प्रश्नाशी संबंध नाही.

९ जानेवारी, गुरुवार

गुरुलिंग सरांना केस आवडली. "याला म्हणतात आपली केस. दाताचा मुद्दा तर फारच छान." मार्चमध्ये संभाजीनगरला परिषद आहे, तिथे पाठवायची म्हणाले. कॉलेजकडून एकच जाते. "तुमचं पक्कं करायला बरं पडेल."

आईला फोन केला. ती लग्नाला गेली होती, आवाज नीट येत नव्हता. नंतर करते म्हणाली.

१५ जानेवारी, बुधवार

आज केस वर्गात ठेवली. पटावर ३८, हजर ३१.

सुरुवात बरी झाली. खताच्या दुकानात काम करणारा महांतेश म्हणाला, "मॅडम, त्या काकाला दाताचा भत्ता वेगळा होता का?" सगळे हसले. मग दोन गट पडले. काकांना आधी प्रशिक्षण द्यायला हवं होतं, असं एका गटाचं म्हणणं. दुसरा म्हणाला, एकतीस वर्षं झालेल्या माणसाला काय शिकवता, दुसरं काम द्या. मी फळ्यावर दोन रकाने आखले. अपेक्षित उत्तराकडे चर्चा जात होती.

सात वाजून दहा मिनिटांनी अंजूने हात वर केला. ती बियाण्यांच्या प्रक्रिया केंद्रात तपासनीस आहे. मागच्या बाकावर बसते, फारसं बोलत नाही.

"मॅडम, परिशिष्ट दोनमध्ये एकोणीस तारखेला शेरा आहे. सेल बदलले, आठ चाळीस."

"हो."

"मग नंतर धान्य परत निवडलं होतं का? आमच्याकडं हेच मीटर आहे. सेल काढले की ते सगळं विसरून जातं अन् यादीतलं पहिलं धान्य धरून बसतं. गहू. माझं पहिल्या महिन्यात असंच झालं. सोयाबीन मोजून राहिले, अन् आकडे गव्हाचे. साहेबांनी लई झापलं."

वर्ग हसला. मी म्हणाले, केसमध्ये दिलेल्या माहितीपुरतंच बोलू या.

"माहितीतच आहे ना, मॅडम. पान अकरा."

एकतीस पानं एकदम उलटल्याचा आवाज आला. मग महांतेश म्हणाला, "ह्या काकाला नाव का नाही, मॅडम? बाकी सगळं दिलंय. मिनिटंबी दिलीत."

वर्ग पाच मिनिटं आधी सोडला.

१६ जानेवारी, गुरुवार

त्या मीटरची पुस्तिका मी वाचलेली होती. सेल बदलल्यावर धान्य निवडायचं असतं, हे मला माहीत असणार. माहीत असेल तर मी ते केलं असणार. नोंद नाही, कारण नोंदवहीत धान्याचा रकाना नाही.

नोंदवही मी आखली होती.

१८ जानेवारी, शनिवार

एक गोष्ट उगाच आठवली. मिलमध्ये अकरा वाजता माझ्या खोलीत चहा यायचा. मी कधी सांगितला नव्हता. पहिल्याच आठवड्यापासून यायचा, साखर कमी. भुजंगमामा गेल्यानंतर तो बंद झाला. दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवसापासून बाटलीत पाणी भरून नेऊ लागले. निवडाईच्या बायका मी आले की बोलणं थांबवायच्या. राजीनाम्यात मी 'अध्यापनाची आवड' असं कारण दिलं. ते खोटं नव्हतं.

२२ जानेवारी, बुधवार

अंजूने तिच्या साहेबांना विचारून मीटर आणला. मी मागितला नव्हता. म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी पान अकरा लई वेळ बघत होता."

मी सकाळी मोंढ्यातल्या धान्यबाजारातून नवी तूर आणून ठेवली होती. म्हणजे मीटर कुठून तरी मिळवायचा असं मनात असावं.

मीटर तुरीवर लावून तीन मापं घेतली. १३.२, १३.१, १३.१. सेल काढले, परत घातले, कशालाही हात न लावता तोच नमुना मोजला. १०.६. पुन्हा १०.६.

अंजूने कागदावर वजाबाकी केली. अडीच. मग विचारलं, "मॅडम, ते काका आहेत का अजून?"

"आहेत."

"मग बरं आहे," ती म्हणाली आणि मीटर पिशवीत घातला. बस होती तिची.

२३ जानेवारी, गुरुवार

नोंदवहीची बेरीज केली. १८ तारखेपर्यंत रोजची सरासरी बाराच्या आसपास. १९ ते २२, साडेनऊच्या आसपास. २३ ला दुपारी जुन्या हरभऱ्याचा एक नमुना आला होता. त्यासाठी धान्य बदललं, नंतर परत तूर निवडली, आणि लगेच सरासरी पुन्हा बारावर. त्या चार दिवसांतला बाकीचा माल लगेच भरडायला गेला, म्हणून काही दिसलं नाही. थप्पीला फक्त ती चारशे पोती लागली.

आकडे एका दिवसात अडीचने उतरले तेव्हा मी शेरा लिहिला होता, 'हवा कोरडी.' अक्षर माझंच आहे. नीटस.

११.४ मध्ये २.५ मिळवले. १३.९.

चौदाच्या घरात.

२४ जानेवारी, शुक्रवार

गुरुलिंग सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "हे तुम्हाला आणि मला माहीत. केस चर्चेसाठी असते, चौकशीसाठी नसते. परिशिष्ट दोन काढून टाका, बाकी सगळं उत्तम आहे."

"मग केस खोटी ठरेल, सर."

"कोण ठरवणार? बघा बुवा. मार्च जवळ आलाय." रागाने बोलले नाहीत. बाहेर पडताना मला तिळगूळ दिला. संक्रांतीचा उरलेला.

दुपारी लातूरला मालकांना फोन केला. सिद्धेश्वरअप्पा सभ्य माणूस आहेत, कधी आवाज चढवत नाहीत.

"शरणार्थ. बोल बाळ."

सगळं सांगितलं.

"त्या थप्पीचं मी कवाच विसरलो. तू कशाला धरून बसलीस?"

"भुजंगमामांना परत घ्याल का?"

"त्याच्या जागी माणूस लागला की. अन् आता दाताचं काम ऱ्हायलं न्हाई बाळ, मीटर हाय. तूच लावून दिलेलं." मग म्हणाले, "कागद पाठव तुझा. फाइलला लावून ठिवतो."

मामांना कळवाल का, असं विचारायचं होतं. विचारलं नाही. ते काम अप्पांचं नाही.

२६ जानेवारी, रविवार

कॉलेजात झेंडावंदनाला हजेरी सक्तीची होती. त्यामुळे शिरूरला भुजंगमामांकडे जाता आलं नाही. कार्यक्रम पावणेनऊला संपला.

२ फेब्रुवारी, रविवार

पहाटेच्या गाडीने लातूर, तिथून शिरूर अनंतपाळ. अहमदपूरला गाडी वीस मिनिटं थांबली. तिथून परत नांदेडची गाडी सुटत होती. पाटी वाचली. बसून राहिले.

भुजंगमामा पत्र्याच्या सावलीत बाजेवर बसले होते. मला ओळखायला दोन क्षण लागले. गाल आत गेलेले, हनुवटी वर आलेली. त्यांनी मात्र लगेच ओळखलं.

"मॅडमबाई? या की. वाट चुकलाव का?"

त्यांच्या पत्नी केवळाबाई दारात आल्या. वेळ अमावस्येला त्यांनीच मला तिसरा उंडा आग्रहाने वाढला होता. आज पाण्याचा तांब्या ठेवला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बसा म्हणाल्या नाहीत.

मी बसमध्ये वाक्यं जुळवली होती. उभ्यानेच म्हणून टाकली. "मामा, त्या दिवशी सकाळी मी मीटरचे सेल बदलले. नंतर तूर निवडायची राहिली. मीटर गव्हावर होता. तुम्ही चौदाच्या घरात म्हणालात, ती तेरा पूर्णांक नऊ होती. माल ओलाच आला होता. चूक माझी. अहवाल चुकीचा होता."

त्यांनी हळू विचारलं, "म्हंजी ताडपत्री?"

"ताडपत्रीचा काही संबंध नव्हता."

"दोरी ढिली व्हती म्हनले व्हते समदे."

"दोरी कशीही असती तरी थप्पी तापलीच असती."

केवळाबाई भिंतीपासून पुढे आल्या. "वरीस झालं बाई ह्या माणसाला. जेवता जेवता हात थांबतोय. 'केवळे, म्या दोरी आवळली व्हती का गं?' मला काय ठाव? म्या काय मिलात व्हते? आवळली व्हती म्हनलं तर म्हनतेत, तू उगं मन राखायलीस."

"गप की," मामा म्हणाले.

"का गप? त्यांनी ऐकावं की. कागदावर लिवताना बरं ध्यानात व्हतं समदं."

मी नवा अहवाल पिशवीतून काढून दिला. मामांनी चष्मा लावला. दोन पानं आहेत, त्यांनी दोनदा वाचली. बोट एका ओळीवर थांबलं. 'पर्यवेक्षक भुजंग यांचा अंदाज अचूक होता.' कागद घडी करून उशीखाली ठेवला. केवळाबाईंनी पदराने नाक पुसलं आणि चुलीकडे गेल्या.

विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "दात कधी काढले?"

"दिवाळीच्या आदी. मागचे चार-पाच ऱ्हायले व्हते, ठणकायचे. मिलात व्हतो तवर हात लावू दिला न्हाई डाक्टरला. म्हनलं, हत्यार हाय ते माजं. मंग घरी बसल्यावर म्हनलं, ठिवून तरी काय करायचं? एका बैठकीत काढून टाकले." कोनाड्यात स्टीलच्या पेल्यात कवळी होती. "भाकर खाया येती तिनं. पर तिला काय कळतंय दाण्यातलं."



पिशवीत मोंढ्यातल्या तुरीची पुडी होती. का घेतली होती ते नेमकं लिहिता येत नाही. मी ती बाजेवर ठेवली. मामांनी पुडी उलगडली, दाणे तळहातावर फिरवले, नाकाशी नेले. मग एक दाणा माझ्यापुढे धरला.

"चावा."

"मी?"

"मागच्या दाढंखाली घ्या. फोडू नका, दाबा. म्या ऐकतो."

ते बाजेच्या कडेला सरकले आणि कान माझ्या गालाशी आणला. एवढ्या जवळ कुणी येऊन किती दिवस झाले, ते मोजता येईल. मोजलं नाही.

पहिला दाणा मी चिरडला. "बिस्कुट हाय का ते?" दुसरा घसरला. तिसऱ्याला म्हणाले, "हां. बारा. बाराच्या जरा वर. वाळली की तुमची पुडी. निगताना जास्ती व्हती न्हाई का?"

मीटर सोबत नव्हता. पण २२ तारखेला ती १३.१ होती, आणि पुडी तेव्हापासून माझ्या खिडकीत उन्हात पडलेली होती. हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

केवळाबाईंनी चहा आणला. साखर कमी होती.

निघताना विचारलं, केसमध्ये तुमचं नाव घालू का, वर्गात पोरं विचारतात.

"आता काय लिवलंय?"

"श्री. क."

"क?" ते हसले, नुसत्या हिरड्यांनी. "भुजंग लिवा."

"आन तुमचं?" केवळाबाई म्हणाल्या.

"माझंही घालणार आहे."

"घाला मंग," त्या म्हणाल्या, आणि फाटकापर्यंत आल्या.

५ फेब्रुवारी, बुधवार

सुधारलेली केस वर्गात ठेवली. हजर ३५. परिशिष्ट दोन आहे तसंच. 'गुणवत्ता अधिकारी' पुसून शिवांगी लिहिलं. चर्चेचा प्रश्न एकच ठेवला: ११.४ आणि चौदा यांत फरक पडला, तेव्हा शिवांगीने काय करायला हवं होतं?

महांतेश म्हणाला, "दुसरा दाणा चावायला सांगायचा होता, मॅडम. अन् दुसरं माप घ्यायचं होतं. पाच मिनिटांचं काम." या वेळी कुणी हसलं नाही. मी ते फळ्यावर लिहिलं. त्याच्याहून चांगलं उत्तर साडेसातपर्यंत आलं नाही.

गुरुलिंग सरांनी परिषदेसाठी दुसरी केस निवडली आहे. परिवीक्षेचं मार्चमध्ये कळेल.

८ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. दुकानदार सोडता दिवसभर कुणाशी बोलले नाही.

संध्याकाळी मोंढ्यातून आणलेली तूर घेऊन बसले. सहा दाणे चावले. माझ्या अंदाजाने साडेअकरा, पण तपासायला मीटर नव्हता. थोडा वेळ फोन हातात धरून बसले, मग लावला. केवळाबाईंनी उचलला आणि न विचारता त्यांच्याकडे दिला.

"मामा, ऐका," म्हणाले, आणि फोन गालाशी धरून दाणा दाबला.

"परत."

परत दाबला.

"फोनात नीट कळत न्हाई," ते म्हणाले. "पर आकरा आसंल. सव्वाआकरा. तुमी काय धरलाव?"

"साडेअकरा."

"जमायलंय की." मग जरा थांबून, "जेवलाव का?"

डबा समोरच होता. झाकण अजून काढलं नव्हतं.

"नाही अजून," मी म्हणाले.

"जेवा मंग. ठिवू नका फोन, आमीबी बसायलोत."